बेडकाचा जीनोम ‘वाचून झाला’, म्हणून जनुके कळली असे होत नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील विज्ञान शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरत आहे. त्याचा आशय असा : झेनोपस या बेडकाचा संपूर्ण जीनोम (पेशीतील डीएनएची सगळी अक्षरे) 2010 सालीच वाचून झाला, जनुकांची यादी संगणकाने तयार केली, आता तीच यादी सुधारत बसणे हे निव्वळ कारकुनी काम असून त्याने प्रयोगांत काही फरक पडत नाही, आणि आफ्रिकेतल्या बेडकाशी कोकणातल्या मुलांना तर काहीच कर्तव्य नाही. मी येथे प्राणिशास्त्र शिकवतो. माझ्याच वर्गातील मुले हा मजकूर खरा मानून चालली आहेत, म्हणून त्यातील एकेका विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान सालापुरते बरोबर आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झाला तो झेनोपस ट्रॉपिकॅलिस या जातीचा सुमारे 170 कोटी अक्षरांचा मसुदा, आणि तोही अनेक तुकड्यांत होता. जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी 1962 साली ज्या बेडकावर केंद्रक-प्रत्यारोपणाचे, म्हणजे एका पेशीचे केंद्रक अंड्यात बसवण्याचे, प्रयोग प्रसिद्ध केले आणि ज्यांसाठी त्यांना 2012 चे नोबेल मिळाले, तो बेडूक म्हणजे झेनोपस लेव्हिस. त्याचा जीनोम 2016 साली आला. पण खरी चूक सालाची नाही. अक्षरे वाचणे आणि मजकूर लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तरी कोकणात समजावून सांगावे लागू नये. आपल्याकडे अनेक घरांत पेटीच्या तळाशी मोडीतले कागद असतात. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नाही. त्यामुळे एकेक अक्षर ओळखणाऱ्यालाही शब्द कोठे तुटतो हे कळेपर्यंत तो कागद जमिनीचा आहे की कर्जाचा, हे सांगता येत नाही. जीनोममध्ये शब्द तोडण्याच्या या कामाला ॲनोटेशन म्हणतात आणि ते मोडीपेक्षा पुष्कळ अवघड आहे, कारण येथे एकाच जनुकाचे अर्थपूर्ण तुकडे, म्हणजे एक्झॉन, लांबलांब अंतरावर विखुरलेले असतात, आणि ट्रॉपिकॅलिसच्या जीनोमचा एक तृतीयांशाहून अधिक भाग तर जागा बदलणाऱ्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या घटकांनी व्यापलेला आहे.

‘यादी संगणकाने केली’ हे विधान अर्धवट आहे. संगणक खुणांवरून अंदाज बांधतो : प्रथिन सुरू होण्याची खूण, एक्झॉनच्या कडांवरील खुणा, इतर प्राण्यांतील ओळखीच्या प्रथिनांशी साम्य. या अंदाजात शेजारची दोन जनुके एक होतात, एकाची दोन होतात, आणि दूरवर असलेला छोटासा पहिला एक्झॉन निसटतो. अंदाज पडताळायचा तर पेशीत प्रत्यक्ष तयार झालेला आरएनए, म्हणजे जनुकाचा संदेश नेणारी नक्कल, पाहावा लागतो. तो मात्र जनुक जेव्हा आणि जेथे चालू असेल तेव्हाच आणि तेथेच मिळतो. झेनोपसच्या भ्रूणात पहिल्या साधारण बारा विभाजनांपर्यंत कारभार मुख्यतः आईने अंड्यात ठेवलेल्या आरएनएवर चालतो, भ्रूणाची स्वतःची बहुतेक जनुके त्यानंतर जागी होतात, आणि त्यांतली काही एखाद्या ऊतीत थोडे तासच बोलतात. मोठ्या बेडकाच्या यकृतातून काढलेल्या आरएनएत ती दिसणारच नाहीत. म्हणून अनेक अवस्थांचे नमुने घ्यावे लागतात, आणि आरएनए एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाचणारे नवे तंत्र येथे मोलाचे ठरते. आधी तो छोट्या तुकड्यांतून जुळवावा लागत असे.

गेल्या श्रावणात, बाहेर पावसाची झड लागलेली असताना, आम्ही वर्गात लॅपटॉपवर जीनोमचा नकाशा उघडून बसलो होतो. त्यात यादीतले जनुक डब्यांच्या रूपात दिसते. एका विद्यार्थिनीने पडद्यावर बोट ठेवले. “सर, जनुकाचा डबा इथे संपलाय, पण आरएनएचे तुकडे पुढेही रचलेले दिसतायत.” तिचे निरीक्षण अचूक होते. ते तुकडे जेथे थांबत होते, त्याच्या थोडेसे अलीकडे एएटीएएए ही सहा अक्षरे होती. संदेश कोठे तोडायचा हे पेशीला सांगणारी ती खूण आहे. म्हणजे जनुक खरोखर तेथपर्यंत होते आणि यादीत ते आखूड नोंदले गेले होते.

‘प्रयोगांत फरक पडत नाही’ या विधानाचे उत्तर याच आखूड टोकात आहे. एकेका पेशीतील आरएनए मोजण्याच्या प्रचलित पद्धतींपैकी अनेक पद्धती संदेशाच्या शेवटच्या टोकाकडचाच भाग वाचतात. यादीत ते टोक नसेल तर वाचलेले तुकडे कोणत्याच जनुकाच्या खात्यावर जमा होत नाहीत, आणि चालू असलेले जनुक बंद असल्याचा निष्कर्ष निघतो. सुरुवात चुकली तर नुकसान आणखी वेगळे. प्रथिनाची निर्मिती रोखण्यासाठी मॉर्फोलिनो नावाचा कृत्रिम रेणू आरएनएच्या सुरुवातीच्या खुणेपाशी चिकटवतात. ती खूण भलत्याच जागी नोंदलेली असेल तर प्रथिन तयार होत राहते, भ्रूण सुदृढ वाढतो आणि संशोधक त्या जनुकाला निरुपयोगी ठरवून मोकळा होतो. लेव्हिसमध्ये तर सुमारे पावणेदोन कोटी वर्षांपूर्वी दोन जातींचे जीनोम एकत्र आले, आणि निम्म्याहून अधिक जनुकांच्या दोन्ही प्रती, एल आणि एस, आजही टिकून आहेत. यादीत एकच प्रत असेल, तर ती बंद केल्यावर दुसरी प्रत काम चालवून नेते, आणि प्रयोग फसल्याचे कारण कोणाला सापडत नाही. महिनोन्‌महिने खपणाऱ्या विद्यार्थ्यांच्या श्रमांची अशी माती होते, म्हणून ‘कारकुनी काम’ हे शब्द मला फार लागले.

राहिला परदेशी बेडकाचा मुद्दा. माणसाच्या रोगांशी संबंधित म्हणून ओळखलेल्या जनुकांपैकी जवळपास 80 टक्के जनुकांचे जोडीदार ट्रॉपिकॅलिसमध्ये आढळले आहेत, एवढे एक कारण खरे तर पुरे आहे. पण आपल्या दाराशीही पाहावे. आंबोलीच्या जांभ्या सड्यांवरील आंबोली भेक ही जात 2009 साली शास्त्रज्ञांनी नव्याने नोंदवली आणि आज ती अतिसंकटग्रस्त आहे. अशा प्राण्याचा जीनोम वाचला की त्यातील जनुके ओळखताना ज्या थोड्या उभयचरांच्या याद्यांशी ताडून पाहायचे, त्यांत झेनोपस असतोच. झेनोपसच्या यादीत अर्ध्यावर तुटलेले जनुक, कोणी पडताळले नाही, तर आंबोलीच्या भेकाच्या यादीतही तसेच तुटलेले उतरेल.