कात्रीनं कापलेली पट्टी

आज संध्याकाळी आपल्या नागपुरात बर्डीवर मेडिकलमध्ये उभी होते. माझ्यापुढं एक काका, नाक लालबुंद, शिंकांवर शिंका देऊन राहिले होते. म्हणाले, "अ‍ॅलर्जीची द्या चार." बस. दुकानदारानं दहाची पट्टी काढली, कात्रीनं कचकन चार गोळ्या कापल्या आणि नाव छापलेला तुकडा परत डब्यात. मी म्हटलं भाऊ, नाव तर सांगा त्यांना. तर म्हणतो, "मॅडम, सर्दीचीच गोळी आहे, काही होत नाही."

काही होत नाही!! डोकंच सणकलं माझं.

2001 ची गोष्ट. आमच्या बाबांना गाजरगवताची अ‍ॅलर्जी, पावसाळा सरत आला की शिंका आणि अंगभर पित्त. टर्फेनाडीन नावाची अ‍ॅलर्जीची गोळी घ्यायचे, अशीच कापलेली पट्टी शर्टच्या खिशात. जुन्या गोळीनं ऑफिसात पेंगायचे, हिनं झोप येत नाही म्हणून भलते खूश. मग मांडीला गजकर्ण झालं, दुसऱ्या डॉक्टरनं कीटोकोनॅझोल लिहून दिलं, दोन्ही चालू, कोणी विचारलं नाही यांनी सांगितलं नाही, आणि पाचव्या दिवशी इतवारीत स्कूटर स्टँडवर लावता लावता बाबा खाली कोसळले.

दवाखान्यात ईसीजी काढल्या काढल्या त्या पोरसवदा डॉक्टरनं पहिला प्रश्न केला, गोळ्या कोणत्या चालू आहेत? आईनं खिशातला तुकडा पुढं केला. त्यावर नाव कुठं होतं! दादा दुकानावर पळाला, कागदावर नाव लिहून आणलं, तोवर पाऊण तास गेला होता.

गोळी तशी विष नव्हती हो. लिव्हर तिचं रूपांतर करून टाकतं म्हणून हृदयाला धक्का लागत नाही. पण कीटोकोनॅझोल, एरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक, इतकंच काय ग्रेपफ्रूटचा रससुद्धा लिव्हरचं ते काम अडवतो, मग मूळ औषध रक्तात साचतं आणि ठोके बिघडतात, माणूस जाऊ शकतो. (संत्र्याला दोष देऊ नका, आपलं संत्रं यात नाही.) अमेरिकेत 1992 लाच औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीत इशारा आला, 1998 ला गोळीच बाजारातून गेली. आपल्याकडे बंदी कधी? 2003. बाबा बरोबर मधल्या वर्षांतले. आपला जीव स्वस्त आहे का बापा?

बरं, मान्य, हजारो लोकांनी ती खाल्ली आणि काही झालं नाही. आणि रात्री साडेदहाला शिंका सुरू झाल्या की मी पण त्याच दुकानात जाते, कोण बसतं धंतोलीत डॉक्टरकडे नंबर लावून. आज मी जी फेक्सोफेनाडीन खाते ना, ती म्हणजे लिव्हर त्या जुन्या गोळीचं जे बनवायचं तेच, हृदयाला त्रास न देणारं. तेवढं विज्ञानाचं कौतुक आहे मला.

पण नाव द्या ना भाऊ! चार गोळ्या कापायच्याच तर नावाच्या बाजूनं कापा, नाहीतर पेननं लिहा पाकिटावर, दोन सेकंद लागतात. शेवटी मीच त्या काकांच्या पाकिटावर लिहून दिलं, ते माझ्याकडे येडी आहे का म्हणून पाहून राहिले होते. असू दे.

बाबा आता 78 चे आहेत. दादानं तेव्हा दुकानात घाईघाईत खरडलेला तो कागद अजून त्यांच्या पाकिटात आहे, घड्यांवर फाटलाय, मागून सेलोटेप लावलाय. ती गोळी तर केव्हाची बंद झाली, पण कागद काही फेकू देत नाहीत.