शिडीला लाथ कुणी मारायची?

"सिनेमावरून काढलेला गेम म्हणजे पैसे पाण्यात" हे वाक्य मी गेली वीस वर्षं ऐकतेय. बऱ्याचदा ते खरंही असतं. सिनेमाची तारीख ठरलेली, गेम त्याच्या आधी दुकानात हवा, मग जेवढं जमलंय तेवढं डब्यात घालून विकायचं. पण याच वाक्यासोबत इलेक्ट्रॉनिक आर्ट्स (ईए) या गेम कंपनीचे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे दोन गेमही कुणी मोडीत काढतं, तेव्हा मला गप्प बसवत नाही.

2002 चा 'द टू टॉवर्स' आणि 2003 चा 'द रिटर्न ऑफ द किंग'. पहिला स्टॉर्मफ्रंट स्टुडिओजने बनवला, दुसरा ईएच्याच रेडवूड शोअर्समधल्या टीमने (पुढे 'डेड स्पेस' हा गेम केला तीच ही मंडळी). याच नावांचे दोन्ही सिनेमे त्या त्या वर्षी डिसेंबरात आले आणि दोन्ही गेम त्याच्या आधीच दुकानात होते. म्हणजे घाई यांच्याही मागे होतीच.

'टू टॉवर्स' सुरू होतो तो सिनेमातल्याच दृश्यांनी. कथेतला खलनायक साउरॉन, त्याच्याविरुद्धची ती जुनी लढाई, निवेदन, सैन्याच्या रांगा. बघता बघता चित्राचा पोत थोडा बदलतो आणि राजपुत्र इसिल्डूर तलवार घेऊन नुसता उभा राहतो. पहिल्यांदा मी तशीच बघत बसले होते. ओर्क, म्हणजे शत्रूचे राक्षसी सैनिक, अंगावर आले तेव्हा कळलं की तो माझ्यासाठी थांबलाय! सिनेमा कुठे संपला आणि खेळ कुठे सुरू झाला हे कळू न देण्याची ती कारागिरी मला आजही थक्क करते.

वेदरटॉपच्या टेकडीवर काळे घोडेस्वार फ्रोडोवर, म्हणजे साउरॉनची अंगठी नष्ट करायला निघालेल्या नायकावर, चालून येतात. तिथे नुसती तलवार चालवून भागत नाही, मशाल उचलावी लागते. ज्याने सिनेमा मन लावून पाहिलाय त्याचा हात आपसूक आगीकडे जातो. आणि हेल्म्स डीपच्या किल्ल्यावरची लढाई! थिएटरात भिंतीला शिड्या लागायला लागल्या की आपण खुर्चीचा हात घट्ट धरतो, दुसरं काय करणार? इथे त्या शिड्यांना लाथ घालून पाडायचं काम माझ्यावर होतं. एक पाडावी तर पलीकडे दुसरी लागलेली, मधे चार उरुक-हाय (ओर्कांचीच दांडगी जात). सिनेमात ती रात्र किती लांब होती हे मला खरं तर या गेमने समजावलं.

मूळ पुस्तकावरून गेम काढायचे हक्क तेव्हा विवेंडी या दुसऱ्या कंपनीकडे होते, ईएकडे फक्त सिनेमाचे. त्यामुळे सिनेमाबाहेरचं काही घेता येत नव्हतं. पुस्तकवेड्यांना हे खुपतं. माझ्या मते या बंधनाचा फायदाच झाला. पसारा वाढला नाही, मोजके प्रसंग घेऊन ते नीट घडवले गेले.

'रिटर्न ऑफ द किंग'मध्ये दोघांना एकत्र खेळता येऊ लागलं आणि आमच्या घरातली भांडणं वाढली. मी धनुर्धर लेगोलास, धाकटा भाऊ कुऱ्हाडवाला गिम्ली. स्क्रीन एकच, कॅमेराही एकच. एकजण पुढे पळाला की दुसरा अडकतो. "ताई, थांब ना!" हे मी त्या सुट्टीत किती वेळा ऐकलं असेल. पेलेनॉरच्या मैदानावरच्या लढाईत एओविन आणि मेरी या आपल्या बाजूच्या दोघांना जिवंत ठेवायचं असतं. त्यांच्या जिवाची पट्टी भराभर उतरते, हत्ती वेगळेच, आणि आपण भलत्याच टोकाला. किती संध्याकाळी आम्ही तिथे हरलो! जिंकलो तेव्हा आई स्वयंपाकघरातून धावत आली होती, काय झालं म्हणून.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. शेवटी ज्वालामुखीच्या कड्यावर फ्रोडो होऊन अंगठीसाठी वेड्या झालेल्या गोलमशी मारामारी करायची असते. फ्रोडो ऐनवेळी अंगठीपुढे हरतो, तिला सोडू शकत नाही, हा या कथेचा गाभा. त्याची इथे साधी झटापट झाली. बटणं बडवून गोलमला खाली पाडलं आणि मला काहीच वाटलं नाही. निदान त्या एका जागी खेळणाऱ्याच्या हातून बटण काढून घ्यायला हवं होतं.

पुढे 2009 मध्ये गेमचे हक्क वॉर्नर ब्रदर्सकडे गेले. सिनेमे आजही हवे तेव्हा मिळतात, नव्या चकचकीत प्रतींमध्ये मिळतात. हे दोन गेम मात्र ऑनलाइन दुकानात विकत मिळत नाहीत. ज्याच्याकडे जुनी डिस्क आणि चालू मशीन आहे, त्याच्यापुरतेच ते उरलेत. शेकडो माणसांच्या मेहनतीचं काम हक्कांच्या कागदांमुळे असं नाहीसं होतं, याचा मला मनापासून राग येतो.

भाऊ दिवाळीला येतोय. मशीन चालतंय, मेमरी कार्डही शाबूत आहे, पण आमची डिस्क पेलेनॉरच्या लोडिंगला अडकते. कुणाकडे 'रिटर्न ऑफ द किंग'ची प्लेस्टेशन 2 ची बरी डिस्क असेल तर कृपया कळवा. विकत घेईन, नाहीतर आठवड्यात परत करीन.