केळीचा दर कोयता लागण्याआधी ठरावा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

केळीच्या रास्त व्यापारावरच्या माझ्या लेखावर तुम्ही खरमरीत लिहिलंत. फेअर ट्रेड म्हणजे युरोपातल्या पोट भरलेल्यांची हौस, शेतकऱ्याला रास्त दर मिळाल्याची खूण म्हणून मालावर लागणाऱ्या त्या शिक्क्याची फी दीड एकरवाल्याला झेपत नाही, आणि बांधावर येऊन रोख मोजणाऱ्या व्यापाऱ्याला मी उगाच चोर ठरवलंय, असं तुमचं म्हणणं.

फीबद्दल तुमचं खरं आहे. तपासणी, नोंदी, फी हे एकट्यादुकट्याचं काम नाही. शिवाय आमच्या सांगलीकडच्या वाळवा-पलूसची बहुतेक केळी देशातच खपते, तिथं तो शिक्का कुणी विचारत नाही. कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया, डॉमिनिका या बेटांवर छोट्या बागायतदारांनी तो गटानं घेतला. तरी युरोपनं दिलेली बाजारातली सवलत आटत गेली तशी तिथली कितीतरी घरं केळीतून बाहेर पडली. शिक्का सगळ्यांना तारतो, असा माझा दावा नाही.

पण त्या पद्धतीतली दोन कलमं मला सोडवत नाहीत. दराला खालची मर्यादा असते, आणि १८.१४ किलोच्या प्रत्येक खोक्यामागे १ डॉलर वेगळा गटाच्या खात्यात जातो. तो कुठं खर्चायचा हे शेतकरी आणि मजूर ठरवतात. ही हौस कशी म्हणायची?

आता व्यापारी. दोन वर्षांपूर्वी आमच्या बागेत सकाळी फोनवर दर ठरला. दुपारपर्यंत निम्मी बाग कापून झाली, घड बांधावर आले आणि गाडी भरताना किलोमागे दोन रुपये उतरले. कारण काय, तर 'वर बाजार पडलाय'. कापलेला घड परत झाडाला लागत नाही, दादा. वडील काही न बोलता काट्यावर जाऊन उभे राहिले. एकरी १,४५० झाडांतले १,३०० घड हाती आले आणि घड २० किलोचा धरला, तर २६ टन माल होतो. किलोला एक रुपया तुटला की २६,००० गेले, दोन तुटले की ५२,०००. वर दांड्याची कट, म्हणजे घडाच्या दांड्यापोटी वजनातून होणारी वजावट, वेगळी.

तो माणूस वाईट होता असं मी तेव्हाही म्हटलं नव्हतं. पिकवणी केंद्रात माल काळा पडला तर तोटा त्याचाच असतो. माझी तक्रार एवढीच, की बाजार पडल्याचा सगळा भार कापणी सुरू झाल्यावर एकट्या शेतकऱ्यावर का यावा?

उसाला निदान एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत पैसे देण्याचं बंधन आहे. ते पाळलं जात नाही म्हणून आपण रस्त्यावर तरी उतरू शकतो. केळीला भांडायला असा कागदच नाही. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला. बांधावर विकायची मुभा मिळाली ती चांगलीच, पण बांधावर दराचा साक्षीदार कोण? आणि २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या बागा पाण्यात उभ्या राहून कुजल्या, तेव्हा आधी विसार घेऊन लिखापढी केलेली असती तर नुकसान कुणाचं किती, हे बोलता तरी आलं असतं.

म्हणून मी शिक्का मागत नाही. दर, दांड्याची कट, काटा कुठला आणि पैसे कधी, एवढ्या चार ओळी कोयता लागण्याआधी लिहून घ्या, इतकंच मागतो.

'असल्या कागदावर कुठला व्यापारी सही करतोय?' असं तुम्ही शेवटी विचारलंत. आम्ही सात जणांनी लागणीच्या तारखा मागंपुढं जुळवून घेतल्या, म्हणजे दोन महिने सलग गाडी भरेल. तिघांना कागद दाखवला. दोघं हसून निघून गेले. तिसऱ्यानं विसार दिला, सही केली, आणि पुढच्या खोडव्याची (त्याच बुंध्यातून फुटणाऱ्या पुढच्या पिकाची) तोडणी कधी येईल ते विचारून गेला.