रग्बी वर्ल्ड कप २०२७ : साठाव्या मिनिटानंतर मैदानावर कोण आहे, ते आधी बघा

जळगाव-धुळ्याकडे रग्बीचं नाव काढलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर हेल्मेटवाले अमेरिकन खेळाडू येतात. तो खेळ वेगळा. मी बोलतोय ते रग्बी युनियनबद्दल. १५ विरुद्ध १५, ८० मिनिटं, डोक्यावर फार तर मऊ टोपी, आणि हाताने चेंडू पुढे फेकायला सक्त मनाई. ट्रायचे (समोरच्याच्या ट्रायलाइनपलीकडे चेंडू जमिनीला टेकवायचा) ५ गुण, त्यानंतरच्या कन्व्हर्जनचे (खांबांमधून मारायच्या किकचे) २, पेनल्टीचे (समोरच्याच्या चुकीवर मिळालेल्या किकचे) ३, ड्रॉप गोलचे (चालू खेळात चेंडू टप्पा पाडून मारलेल्या किकचे) ३. एवढं माहीत असलं तरी पुढचं समजेल.

२०२७ चा पुरुषांचा वर्ल्ड कप ऑस्ट्रेलियात आहे, १ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर. पहिल्यांदाच २४ संघ, चार-चारचे सहा गट. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाच्या संघांतले सर्वांत चांगले चार, असे १६ पुढे जातात. डिसेंबर २०२५ मध्ये सिडनीत गट ठरले आणि तेव्हापासून ‘कोण जिंकणार’ हा वाद सुरू आहे. वाद घालणारे बहुतेक जण कडेने पळणारा विंगर किती वेगाने पळतो, कोणी किती ट्राय मारले, यावर बोलतात. माझं ठाम मत आहे की वर्ल्ड कप पहिल्या रांगेतल्या तिघांवर आणि बेंचवर बसलेल्या त्यांच्या जोडीदारांवर जिंकला जातो. या हिशेबात माझा पहिला दावेदार दक्षिण आफ्रिका, दुसरा फ्रान्स, तिसरा इंग्लंड. न्यूझीलंड चौथा. हे लिहिताना वाईट वाटतं, पण आज तरी चौथाच.

कारण सांगायचं तर आधी स्क्रम समजून घ्यावा लागेल, म्हणजे खेळ थांबल्यावर दोन्ही संघांचे आठ-आठ जण चेंडूसाठी एकमेकांना रेटतात तो. टीव्हीवर स्क्रम लागला की लोक मोबाईल बघायला लागतात, आणि मॅच नेमकी तिथेच फिरते.

पावसाळ्यात काळ्या रानात गाडी रुतली तर नुसती आठ माणसं लावून ती निघत नाही. आठही जणांचा रेटा एकाच क्षणी, एकाच उंचीवरून लागला पाहिजे. एकाची कंबर वाकली की त्याच्यामागच्याचं बळ वाया गेलं. स्क्रमचं गणित हेच. पुढे तिघं (१ लूजहेड प्रॉप, २ हुकर, ३ टाइटहेड प्रॉप), त्यांच्या मागे दोन लॉक, बाजूंना दोन फ्लँकर आणि सगळ्यांत मागे नंबर आठ. मोठ्या देशांच्या या आठ जणांचं वजन मिळून ९०० किलोच्या पुढे जातं. रेफरी ‘क्राउच, बाइंड, सेट’ म्हणतो आणि दोन्ही फळ्या भिडतात.

सगळ्यांत कठीण काम ३ नंबरचं. लूजहेडचा बाहेरचा खांदा मोकळा असतो, पण टाइटहेडच्या दोन्ही खांद्यांवर भार येतो : एका बाजूने समोरचा लूजहेड, दुसऱ्या बाजूने समोरचा हुकर. पाठ सपाट, खांदे कमरेच्या खाली गेलेले नाहीत, पाय मागे, गुडघे थोडे वाकलेले, हे जमलं तर मागच्या लॉकचा रेटा सरळ पुढे जातो. बिघडतं ते असं : दमलेला प्रॉप कमरेत मोडतो आणि छाती खाली जाते. किंवा त्याचं कोपर जमिनीकडे ओढलं जातं. किंवा तो सरळ रेटायचं सोडून आत तिरका घुसतो. तिन्हीत रेफरी पेनल्टी देतो. पेनल्टी म्हणजे सरळ ३ गुणांची किक, नाहीतर चेंडू लाथेने कोपऱ्यात बाहेर काढायचा, आपलाच लाइनआऊट (कडेवरून दोन रांगांमध्ये चेंडू फेकायचा) घ्यायचा आणि मॉल करून, म्हणजे चेंडूवाल्याभोवती घोळका करून, ट्रायलाइनकडे ढकलत न्यायचं. स्क्रममधली एक चूक सात गुणांना पडू शकते.

आणि या जागेवरचा माणूस ८० मिनिटं टिकत नाही. मोठ्या मॅचमध्ये पन्नाशी-साठीच्या मिनिटाला प्रॉप बदलावाच लागतो. कबड्डीत बाद झालेला गडी पुन्हा आत येतो. इथे बदललेला खेळाडू रक्तस्राव, डोक्याच्या दुखापतीची तपासणी किंवा पहिल्या रांगेतल्या माणसाची दुखापत अशी कारणं सोडली तर परत येत नाही. म्हणून बेंचवरचे आठ जण कोण, हाच खरा डाव. त्या आठात पहिल्या रांगेचे तिघं असावेच लागतात. उरलेल्या पाच जागा फॉरवर्ड (स्क्रममधले आठ) आणि बॅक (मागचे सात) यांच्यात वाटायच्या. जुनी पद्धत आठात मिळून पाच फॉरवर्ड, तीन बॅक. दक्षिण आफ्रिकेने ६-२ रुजवली आणि २०२३ च्या फायनलला चक्क ७-१ घेऊन उतरली.

याचं फळ २०२३ ला फ्रान्समध्ये दिसलं. क्वार्टर फायनल फ्रान्सविरुद्ध २९-२८, सेमीफायनल इंग्लंडविरुद्ध १६-१५, फायनल न्यूझीलंडविरुद्ध १२-११. तिन्ही मॅच एकेका गुणाने! सेमीफायनलमध्ये इंग्लंड १५-६ ने पुढे होतं. बेंचवरून आलेल्या ऑक्स न्चेने स्क्रममध्ये इंग्लंडची फळी मोडली, ६९व्या मिनिटाला बेंचवरच्याच आर. जी. स्नायमनने ट्राय मारला, आणि ७७व्या मिनिटाला स्क्रमच्या पेनल्टीवर हँड्रे पोलार्डने जिंकून दिलं. तोही बेंचवरूनच आला होता. क्वार्टर फायनलमध्ये फ्रान्सच्या रामोसचं कन्व्हर्जन दक्षिण आफ्रिकेच्या कोल्बेने धावत येऊन अडवलं. किक मारणारा धाव घ्यायला लागला की समोरच्यांना ट्रायलाइन सोडून पुढे येता येतं, एवढा साधा नियम. त्या दोन गुणांवर फ्रान्स घरच्या मैदानावर बाहेर गेला.

२०२५ मध्ये हेच अजून ठळक झालं. १३ सप्टेंबरला वेलिंग्टनला न्यूझीलंड हाफ टाइमला १०-७ ने पुढे होतं. दुसऱ्या हाफमध्ये दक्षिण आफ्रिकेने ३६ गुण केले, न्यूझीलंडने शून्य. ४३-१०, ऑल ब्लॅक्सच्या (म्हणजे न्यूझीलंडच्या) इतिहासातला सर्वांत मोठा पराभव. नोव्हेंबरमध्ये पॅरिसला दक्षिण आफ्रिकेच्या लूड डी यागरला रेड कार्ड मिळालं, १४ माणसं उरली, हाफ टाइमला फ्रान्स १४-१३ ने पुढे. आणि शेवट? ३२-१७ दक्षिण आफ्रिका. प्रशिक्षक रासी इरास्मसने त्या दिवशी कर्णधार कोलिसीला त्याच्या १००व्या टेस्टमध्ये (आंतरराष्ट्रीय मॅचमध्ये) हाफ टाइमला बाहेर बसवलं, कारण एक माणूस कमी असताना त्याला वेगळी जुळणी हवी होती. असा निर्णय घ्यायला छाती लागते.

७-१ मध्ये धोका नाही असं नाही. मोठा धोका आहे. बेंचवर एकच बॅक असतो. दोन बॅक जखमी झाले तर फ्लँकरला विंगवर उभं करावं लागतं. २०२३ च्या फायनलमध्ये तर पहिल्या काही मिनिटांतच हुकर बोंगी म्बोनाम्बी गेला आणि मूळचा फ्लँकर असलेल्या डिऑन फूरीला जवळजवळ पूर्ण मॅच हुकर म्हणून खेळावं लागलं. लाइनआऊट विस्कटले. न्यूझीलंडचा सॅम केन रेड कार्डवर बाहेर होता आणि पीटर-स्टेफ डू टॉयने २८ टॅकल केले, म्हणून निभावलं.

आफ्रिकेची माझी खरी काळजी वयाची आहे. कोलिसी आणि एत्झेबेथ १९९१ चे, डू टॉय १९९२ चा. २०२७ ला हे ३५-३६ ला टेकलेले असतील. मात्र १० नंबरला साशा फाइनबर्ग-म्न्गोमेझुलू आलाय, ज्याने डर्बनला अर्जेंटिनाविरुद्ध एकट्याने ३७ गुण केले, आणि हुकर माल्कम मार्क्स २०२५ चा जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. दुसरी काळजी जोहान्सबर्गच्या एलिस पार्क मैदानावरची. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे २२-० ने पुढे असताना हा संघ ऑस्ट्रेलियाकडून ३८-२२ ने हरला. लांब पास फेकत बाहेरून खेळायच्या नादात चेंडू मध्येच पकडले गेले आणि टॅकलनंतर जमिनीवरच्या चेंडूवर ऑस्ट्रेलियाचे खेळाडू आधी पोचले. आघाडी मिळाल्यावर सैल पडले की यांनाही कोणी हरवू शकतं.

फ्रान्सकडे ताकद भरपूर आहे. ड्युपाँ हा माझ्या मते आजचा जगातला सर्वोत्तम ९ नंबर. २०२५ च्या सिक्स नेशन्समध्ये (युरोपातल्या सहा देशांची दरवर्षीची स्पर्धा) डब्लिनला त्याचा गुडघा गेला, तरी बेंचवर सात फॉरवर्ड ठेवलेल्या फ्रान्सने ती मॅच ४२-२७ ने मारली आणि स्पर्धाही जिंकली. त्यांच्या बिएल-बियारेने त्या एका स्पर्धेत ८ ट्राय केले, तो सिक्स नेशन्समधला तेव्हाचा विक्रम. अडचण दोन. एक, त्यांची टॉप १४ लीग जूनअखेरपर्यंत चालते, त्यामुळे जुलैच्या दौऱ्यांवर मुख्य खेळाडू क्वचितच जातात आणि दक्षिण गोलार्धात एकत्र खेळायची सवयच होत नाही. दोन, १९८७, १९९९, २०११ अशा तीन फायनल हरल्याचं ओझं.

इंग्लंडला लोक कंटाळवाणं म्हणतात, ते मला पटत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून रेफरी एक गोष्ट कडक पाळतात : उंच उडालेला चेंडू पकडणाऱ्याच्या आजूबाजूला त्याच्याच संघाने भिंत करायची नाही. त्यामुळे समोरच्याला उडी मारून झुंजता येतं आणि उंच किक अचानक मोलाची झाली. इंग्लंडने हे सगळ्यांत लवकर ओळखलं. शिवाय चांगले फॉरवर्ड मुद्दाम मागे ठेवून बेंच जड केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूझीलंडला ३३-१९ ने हरवलं, त्यात जॉर्ज फोर्डचे हाफ टाइमच्या आधीचे दोन ड्रॉप गोल होते. वर्ल्ड कपमध्ये अशा तीन-तीन गुणांना फार किंमत असते. गटही सोपा : वेल्स, टोंगा, झिम्बाब्वे. वेल्स एके काळचं मोठं नाव, पण २०२३ ते २०२५ मध्ये सलग १८ टेस्ट हरलेलं.

न्यूझीलंडने २०२५ मध्ये १३ पैकी १० मॅच जिंकल्या. आकडा चांगला दिसतो, पण हरले त्या तिन्ही बघा : अर्जेंटिना, दक्षिण आफ्रिका, इंग्लंड. उंच चेंडू सुटले आणि शेवटच्या भागात दम गेला. त्यात सामन्यांची मांडणी अशी लागलीय की दोघं आपापला गट जिंकून पुढची मॅचही जिंकले, तर दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंड क्वार्टर फायनललाच समोरासमोर येतील. असा सामना फायनलला व्हायला हवा होता.

आयर्लंडबद्दल जीव तुटतो. इतकं शिस्तीचं, इतकं नेमकं खेळणारा संघ वर्ल्ड कपमध्ये एकदाही क्वार्टर फायनलच्या पुढे गेला नाही. २०२३ ला सलग १७ विजयांनंतर न्यूझीलंडकडून २८-२४. सेक्स्टन, मरे, ओ’माहोनी, हीली सगळे निवृत्त झाले, आणि नोव्हेंबर २०२५ ला डब्लिनमध्ये दक्षिण आफ्रिकेने त्यांचा स्क्रम अक्षरशः उखडून टाकला, प्रॉपना यलो कार्ड मिळाली. दीड-दोन वर्षांत नवे प्रॉप घडत नाहीत. सलग तिसऱ्या वर्ल्ड कपमध्ये स्कॉटलंड त्यांच्याच गटात आहे. आधीच्या दोन्ही वेळी आयर्लंड जिंकलं, पण या वेळी मी एवढ्या खात्रीने सांगणार नाही.

यजमान ऑस्ट्रेलियाचे पहिले १५ कोणालाही हरवतील, पुढचे १५ नाहीत. २०२५ मध्ये लायन्सविरुद्ध (ब्रिटन-आयर्लंडचा निवडक संघ) सिडनीची टेस्ट २२-१२ ने जिंकली आणि त्याच वर्षी इटलीकडून १९-२६ ने हरले. अर्जेंटिनाचा गट बरा आहे, फक्त फिजीला हलकं घेऊ नये. २०२३ मध्ये फिजीने ऑस्ट्रेलियाला वर्ल्ड कपमध्ये आणि इंग्लंडला ट्विकनहॅमला हरवलंय.

छोट्या मॅचपैकी एक चुकवू नका भो : इटली विरुद्ध जॉर्जिया. जॉर्जियाचा स्क्रम दगडासारखा आहे. २०२२ मध्ये त्यांनी इटलीला आपल्या घरी आणि वेल्सला कार्डिफमध्ये १३-१२ ने हरवलं होतं.

मॅच बघताना वहीत चारच गोष्टी टिपा. पहिले तीन स्क्रम कोणाकडे झुकले. पहिली रांग कोणत्या मिनिटाला बदलली. बदलल्यानंतरच्या पहिल्या स्क्रमला पेनल्टी कोणाला. आणि उंच चेंडू दहापैकी किती कोणी पकडले. हे चार आकडे जुळले तर ६५व्या मिनिटाला निकाल बराचसा कळतो.

कबड्डीवाल्या पोरांनी हा खेळ जरूर बघावा. अमळनेर, चोपडा, शिरपूर, नंदुरबारकडच्या कॉर्नरच्या पोरांना अंदाज आणि झेप दोन्ही असते. फक्त दोन सवयी मोडाव्या लागतील : टॅकल करताना डोकं समोरच्याच्या पुढे न जाता मागे, त्याच्या कमरेच्या बाजूला राहिलं पाहिजे, आणि दोन्ही हातांनी मिठी मारलीच पाहिजे, नुसता खांदा मारला तर पेनल्टी. २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, सात-सात जणांची, म्हणजे दार उघडलेलं आहे. तसा आपला संबंध जुनाच. इंग्लंड-स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपसाठी खेळतात, तो कलकत्त्याच्या क्लबने बंद होताना बँकेतले २७० चांदीचे रुपये वितळवून केला. १८७९ पासून त्यासाठी झुंज चालू आहे.

वेळेचं म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सिडनी-मेलबर्न आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे, ब्रिस्बेन साडेचार, पर्थ अडीच. सिडनीतली रात्री आठची मॅच आपल्याकडे दुपारी अडीचला. कापूस वेचणीचे दिवस आहेत, पण दुपारच्या उन्हात माणसं तशीही सावलीला येतात. फायनलचा १३ नोव्हेंबर शनिवार आहे.