आल्डनोआ झीरो कुठे बिघडली? माझ्या मते त्या डाव्या डोळ्यापाशी

(शेवटापर्यंतचे स्पॉयलर आहेत. मालिका बघायची राहिली असेल तर आधी निदान पहिले तीन एपिसोड बघून या.)

जुलै 2014 मध्ये आल्डनोआ झीरो ही जपानी अ‍ॅनिमे मालिका सुरू झाली तेव्हा तिच्यामागे उभी असलेली माणसं तगडी होती. दिग्दर्शक एइ आओकी आणि मूळ कथा गेन उरोबुचीची, म्हणजे फेट/झीरो या आधीच्या अ‍ॅनिमेवाली जोडी. पात्रांची मूळ रेखाटनं ताकाको शिमुराची, संगीत हिरोयुकी सावानोचं. 12 एपिसोडचा पहिला सीझन, मग जानेवारी 2015 पासून आणखी 12. सुरुवातीनंतर लेखनाची सूत्रं उरोबुचीकडून कात्सुहिको ताकायामाकडे गेली आणि सगळं खापर त्या बदलावर फोडायची पद्धत पडली. लेखक बदलला म्हणून मालिका आपोआप पडत नाही. तिने स्वतः घालून दिलेले नियम स्वतःच मोडले, म्हणून ती पडली. कोणते नियम, कुठे मोडले, ते नीट बघण्यासारखं आहे.

मांडणी खरोखर सुंदर आहे. 1972 च्या अपोलो 17 मोहिमेत माणूस चंद्रावर उतरला होता. या मालिकेचा इतिहास नेमका तिथून वेगळा होतो. चंद्रावर मंगळाकडे जाणारं एक प्राचीन द्वार सापडतं. मंगळावर गेलेली माणसं तिथलं आल्डनोआ नावाचं तंत्रज्ञान हस्तगत करतात आणि व्हर्स साम्राज्य स्थापन करतात. 1999 च्या युद्धात ते द्वार फुटतं, चंद्राचे तुकडे होतात, आणि परतीची वाट बंद झालेले मंगळाचे 37 सरदार पृथ्वीभोवतीच्या ढिगाऱ्यात 15 वर्षं अडकून पडतात. 2014 मध्ये शांततेसाठी आलेल्या राजकन्या असेलमवर हल्ला होतो आणि सरदार आपापले किल्ले घेऊन पृथ्वीवर कोसळतात.

आता यातला एक बारकावा बघा. हे सरदार एकत्र का लढत नाहीत? कारण प्रत्येकाला स्वतःची जहागीर हवी आहे. शेजारच्या सरदाराला मदत करायची म्हणजे जिंकलेल्या जमिनीत वाटा द्यायचा. त्यामुळे प्रत्येक जण एकेकटा, एकेका अजिंक्य यंत्रात बसून येतो. रोबोच्या कितीतरी मालिकांत शत्रू आठवड्याला एक असा का येतो याचं उत्तरच नसतं. इथे ते सरंजामशाहीतून आलंय. शिवाय मंगळावरची सामान्य जनता क्रिल आणि शेवाळावर जगते आणि वर दरबारी थाट! युद्धाला याहून पटणारं कारण शोधून सापडणार नाही.

आणि मग पहिली लढाई. मंगळाच्या ट्रिलरामचं निलोकेरस हे यंत्र स्पर्श होईल ते सगळं गिळतं. गोळी गायब, गाडी गायब, नायकाचा मित्र गायब. समोर उभा कोण, तर इनाहो काइझुका, शाळकरी मुलगा, हाताशी स्लाइपनिर हे प्रशिक्षणाचं नारिंगी यंत्र. त्याचा तर्क बघा. कवच सगळंच गिळत असेल तर प्रकाशही गिळणार. प्रकाश आत जात नसेल तर पायलटला दिसतं कसं? म्हणजे डोळे बाहेर कुठेतरी आहेत, वर हवेत. त्या बाहेरच्या कॅमेऱ्यांचं चित्र आत यायचं तर सिग्नललाही वाट हवी. म्हणजे कवचाला कुठेतरी फट आहे. मग शत्रूला पाण्यात पाडायचं, जिथे पाणी गिळलं जात नाही ती जागा हेरायची आणि तिथेच घाव घालायचा.

यातली प्रत्येक पायरी प्रेक्षकाला उपलब्ध आहे. इनाहोला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. तो फक्त आपल्याआधी जोडून बघतो. दुर्बळ बाजू जिंकते ती जिद्दीने किंवा आरडाओरडीने नाही, निरीक्षणाने जिंकते. पुढे प्लाझ्माच्या तलवारीचं यंत्र येतं, सहा उडत्या मुठींचं येतं, आणि दर वेळी प्रश्न तोच असतो: या शक्तीची किंमत काय आहे आणि ती कुठे मोजली जाते? सातव्या एपिसोडपर्यंत मालिका या प्रश्नाशी इमान राखते. त्याच एपिसोडमध्ये, पृथ्वीवर जन्मून व्हर्समध्ये राहणाऱ्या आणि आता मदतीला आलेल्या स्लेनला इनाहो शत्रू ठरवून खाली पाडतो. राजकन्येसाठी जीव टाकणारी ही दोन मुलं एकमेकांना ओळखूच शकत नाहीत, आणि दोघांचेही हिशेब आपापल्या जागी बरोबर असतात. युद्धकथेत याहून मोलाचं काय असतं?

मग नववा आणि दहावा एपिसोड. आल्डनोआ चालू करण्याचा हक्क राजरक्ताला आहे, इतरांना तो राजाकडून मिळतो. मंगळाच्या हस्तकाची मुलगी रायेट राजकन्येचा गळा आवळते, राजकन्येचं हृदय थांबतं आणि त्याच क्षणी सगळे ज्यात आहेत त्या ड्यूकॅलिअन जहाजाचं इंजिन बंद पडतं. एका नियमातून सगळ्यांच्या जिवावर बेतलेला प्रसंग उभा राहतो. उत्तम! पण इनाहो तिला तोंडाने श्वास देऊन वाचवतो, आणि दुसऱ्या सीझनमध्ये कळतं की त्यातूनच आल्डनोआ चालवायचा हक्क त्यालाही मिळाला. ज्या हक्कावर अख्खी सरंजामशाही उभी आहे, तो असा जाता जाता नायकाच्या पदरात पडतो. व्हर्सच्या सत्तेचा पायाच इथे निखळला, आणि मालिकेला त्याचा पत्ताही नाही.

बाराव्या एपिसोडचा शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. मंगळाचा सरदार साझबाम असेलमवर गोळ्या झाडतो, स्लेन साझबामला पाडतो आणि जखमी इनाहोच्या डोक्यात गोळी घालतो. हा शेवट भडक वाटला तरी मान्य करता आला असता, जर त्याची किंमत वसूल झाली असती. 19 महिन्यांनी दुसरा सीझन उघडतो तेव्हा इनाहो उभा आहे, राजकन्या मरण न पावता द्रवाच्या टाकीत निपचित आहे, आणि ज्याच्यावर गोळी झाडली त्याच साझबामच्या पदरी स्लेन आहे, पुढे तर साझबाम त्याला मुलगाच मानतो. सरदारांनी पृथ्वीवर इतका विध्वंस केला, मग ती दीड वर्षाहून अधिक तग धरून राहिली कशी? रसद कुठून आली, कोणती शहरं गेली? यातलं जवळजवळ काहीच पडद्यावर नाही. युद्धमालिकेत युद्धच गाळलं.

आणि खरा घात त्या डाव्या डोळ्याने केला. गोळीने गेलेल्या डोळ्याच्या जागी इनाहोला गणनयंत्र मिळतं. आता शत्रूकडे बघितलं की आकडे उमटतात. गोठवणारं एलिसियम असो, स्वतःच्या प्रती काढणारं ऑर्टिजिया असो, डोळा मोजतो आणि इनाहो जिंकतो. गणितात पायऱ्या गाळून नुसतं उत्तर लिहिलं तर गुरुजी गुण कापतात, तसे इथे कापायलाच हवेत. पहिल्या सीझनमध्ये आपण त्याच्याबरोबर विचार करत होतो. दुसऱ्यात त्याच्या डोळ्यावर विश्वास ठेवायचा, एवढंच काम उरतं. समोर स्लेनच्या थार्सिस या यंत्राला काही क्षण पुढचं भविष्य दिसतं. एकाला सगळं मोजता येतं, दुसऱ्याला सगळं आधी दिसतं. मग चूक करायला उरलं कोण? चूक होऊ शकत नाही तिथे डावपेच उरत नाहीत.

1979 ची मूळ गंडम ही रोबोमालिका आठवा. तिथे मिनोव्हस्की नावाच्या काल्पनिक कणांमुळे रडार निकामी होतं, म्हणून डोळ्यांना दिसेल इतक्या जवळून लढावं लागतं आणि म्हणून माणसाच्या आकाराची यंत्रं. त्या एका नियमाच्या बळावर 43 एपिसोडचं युद्ध उभं राहिलं. कोणाची क्षमता वाढली तरी तो नियम जागचा हलत नाही.

दुसऱ्या सीझनमध्ये जीव आहे तो स्लेनच्या बाजूला. पृथ्वीवर जन्मलेला, व्हर्समध्ये लाथा खाल्लेला मुलगा त्याच व्यवस्थेच्या पायऱ्या चढत सरदार होतो, साझबामला संपवून त्याची गादी घेतो, असेलमची सावत्र बहीण लेमरीना हिला असेलमच्या वेषात उभी करतो. या राजकारणाला पूर्ण सीझन हवा होता. पण असेलम जागी होते आणि शेवटच्या काही एपिसोडमध्ये सरदार क्लँकेनशी लग्न, सम्राज्ञीपद, शांततेची घोषणा हे सगळं उरकलं जातं. जहागिरीसाठी रक्त सांडलेले सरदार एका घोषणेने गप्प बसतात. मग पृथ्वीवर पाय रोवलेले त्यांचे किल्ले, त्यांची कर्जं, त्यांची उपाशी रयत? सुरुवातीला युद्धाचं जे कारण दिलं होतं, त्याला शेवटात कोणी हातही लावत नाही. सगळा दोष स्लेनच्या माथी मारून त्याला कैदेत टाकतात आणि हिशेब मिटवतात.

ज्यांना बघायचीच आहे त्यांनी एक ते सात सलग बघा, जमल्यास चांगल्या हेडफोनवर, सावानोसाठी. मग नववा आणि दहावा. बारावा बघून मन भरलं नाही तरच पुढे जा, आणि गेलात तर स्लेनचे प्रसंग बघा. डोळ्याच्या लढाया पुढे ढकलल्या तरी कथा समजायला काही अडत नाही.