सोल्डरिंग गन तापत नाही? भंगारात टाकण्याआधी दोन नट सोडून बघा

गेल्या पावसाळ्यापासून इथल्या इलेक्ट्रिशियन आणि वाइंडिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: ‘जुनी सोल्डरिंग गन तापत नसेल तर तिचा ट्रान्सफॉर्मर जळालेला असतो. खात्री करायची असेल तर टिपेच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावा, शून्य दाखवेल, म्हणजे वाइंडिंग शॉर्ट. टिपेत घरचा 230 व्होल्टचा करंट असतो, शॉक बसतो. टिपा आता मिळत नाहीत. पुरात भिजलेली असेल तर विषयच संपला. किलोवर विका आणि 25 वॅटचं आयर्न घ्या.’

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. वडिलांची गन, म्हणजे ट्रिगर दाबला की पुढची टिप तापणारं डाख लावायचं पिस्तुलासारखं हत्यार, मी आजही रोज वापरतो. हा मेसेज खरा मानून लोक चांगल्या गन मोडीत घालताहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मागच्या महिन्यात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतले एक दादा मंडळाचा ॲम्प्लिफायर न्यायला आले. हातातल्या पिशवीत गन होती. म्हणाले, “भावा, ही जाता जाता भंगारात देतो. मेसेज वाचलास न्हवं?” मी म्हटलं, “दादा, पाच मिनिटं बसा.” पिन लावली, ट्रिगर दाबला. बारीक गुणगुण सुरू झाली, पुढचा इवलासा दिवा लागला आणि टिप मात्र गारच. दोन्ही पितळी नटांवर काळपट हिरवा थर होता, त्यात जुन्या सोल्डरिंग पेस्टची राख अडकलेली.

त्या दिव्यातच पहिल्या दाव्याचं उत्तर आहे. बहुतेक गनमध्ये तो दिवा थेट मेनवर, म्हणजे घरच्या 230 व्होल्टच्या लाइनवर, चालत नाही, त्याच ट्रान्सफॉर्मरच्या छोट्या वेगळ्या वाइंडिंगवर चालतो. दिवा लागतोय, गुणगुण येतेय, म्हणजे कॉर्ड, स्विच आणि प्रायमरी (मेनची वीज घेणारं) वाइंडिंग तिन्ही शाबूत आहेत. वीज ट्रान्सफॉर्मरपर्यंत येतेय आणि पुढे टिपेच्या वाटेवर अडतेय. ती कुठे अडते हे कळायला गनची रचना समजली पाहिजे.

ही युक्ती कार्ल वेलर या अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या गृहस्थाची. रेडिओ दुरुस्त करताना आयर्न तापण्याची वाट बघून ते कंटाळले. 1941 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, 1946 मध्ये पेटंट मिळालं. गनच्या पोटात ट्रान्सफॉर्मर आहे. त्याच्या प्रायमरीला बारीक तारेचे शेकडो वेढे आणि सेकंडरीला, म्हणजे टिपेला वीज देणाऱ्या बाजूला, जाड तांब्याचा जेमतेम एक वेढा. त्या एका वेढ्याची दोन टोकं पुढे बाहेर येतात आणि त्यांच्यामध्ये नटांनी आवळलेली तांब्याची वाकवलेली तार, तीच टिप. बाकीचा तांबा जाड, टिप बारीक, म्हणून उष्णता टिपेत तयार होते.

आता आकडे बघा. गन 100 वॅटची आणि टिपेवर अर्धा व्होल्ट धरला तर करंट 200 अँपिअर होतो. म्हणजे सेकंडरीच्या सगळ्या वाटेचा रोध 0.0025 ओहम. नटाखालच्या काळ्या थराने तेवढाच आणखी रोध वाढवला तर करंट निम्मा होतो आणि टिपेतली उष्णता चौथाईवर येते. डोळ्याला नीट न दिसणाऱ्या थराने गन गार पडते ती अशी! शिवाय गन दर वेळी तापते, गार होते, तांबं फुगतं, आकसतं आणि नट आपोआप ढिले होत जातात. खूण साधी आहे. काही सेकंद गन चालवा, पिन काढा आणि बोट नटाजवळ न्या. टिप कोमट आणि नट चटका देणारा असेल तर दोष तिथेच आहे.

मल्टीमीटरचा दावा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो करून बघितला की खराच वाटतो. टिपेच्या दोन टोकांना मीटर लावला की शून्यच दाखवणार. टोकापासून टोकापर्यंत तांब्याचा जाड तुकडाच आहे, दुसरं काय दाखवेल? कालच घेतलेली कोरी गनसुद्धा शून्यच दाखवेल. मीटरच्या वायरींचाच रोध 0.2-0.3 ओहम असतो, म्हणजे आपल्याला जो शोधायचाय त्याच्या शंभर पट. गावच्या भुईकाट्यावर गुंजभर सोनं तोलण्यासारखं आहे ते. मीटर लावायचाच असेल तर गनची पिन बोर्डातून काढा, ट्रिगर दाबून धरा आणि पिनेच्या दोन पायांमध्ये ओहम मोजा. कुंभार गल्लीच्या गनला मला 38 ओहम मिळाले. वाइंडिंग तुटलं असतं तर मीटर हललाच नसता.

मग दादांसमोरच दोन्ही नट सोडले. टिपेची टोकं, नटांची बैठक आणि तांब्याचे दोन दांडे बारीक पॉलिश पेपरने घासले, अगदी गुलाबी तांबं दिसेपर्यंत. पुन्हा आवळलं, एकदा तापवलं, गार होऊ दिलं आणि परत पाव फेरा आवळलं. हा दुसरा पाव फेरा कुणी विसरू नये, पहिल्या तापण्यात नट हमखास सैल होतो. आठ-दहा सेकंदांत टिपेवर डाख पाण्यासारखा पसरला. दादा नुसते बघत राहिले, मग म्हणाले, “आयला, एवढंच हुतं व्हय?”

शॉकबद्दल मेसेज निम्मा चूक आहे आणि उरलेल्या निम्म्याला मी मान देतो. चांगल्या गनच्या टिपेवर एका व्होल्टच्याही आत व्होल्टेज असतं, मेनशी तिचा तारेचा संबंध नसतो, त्यामुळे टिपेने शॉक बसत नाही. भाजेल मात्र जबरदस्त. पण जुनं इन्सुलेशन फाटून प्रायमरी सेकंडरीला टेकली तर टिपेवर मेन येऊ शकते आणि तेव्हा जिवाशी खेळ आहे. म्हणून माझ्याकडे आलेली कुठलीही जुनी गन मी आधी मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर, घेतो: एक टोक मेनच्या पिनेला, दुसरं टिपेला, ट्रिगर दाबून, 500 व्होल्टवर. 2 मेगाओहमच्या खाली वाचन आलं तर ती गन माझ्या दुकानात बोर्डाला लागत नाही. मेगर नसेल तर उद्यमनगरातल्या कुठल्याही मोटर वाइंडिंगच्या दुकानात असतो, विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही. कॉर्ड कडक होऊन चिरली असेल तर चिकटपट्टी गुंडाळू नका, कॉर्डच बदला.

पुराचं तर मला फार लागतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं. किती कारागिरांची हत्यारं गाळाखाली गेली हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. दादांची गनही 2019 च्या पाण्यातलीच, तेव्हापासून माळ्यावर पडून होती. भिजलेली गन संपली असं नाही. संपते ती ओलीच बोर्डाला लावली तर! बॉडी उघडून गाळ आधी स्वच्छ पाण्याने धुवा, कारण तो आत तसाच राहिला तर ओल धरून ठेवतो. मग उन्हात चार-पाच दिवस द्या. पावसाळा असेल तर 60 वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बखाली खोक्यात ठेवा. वाइंडिंगवर हेअर ड्रायर किंवा स्टोव्हची धग नको, वार्निश फुटतं. त्यानंतर मेगर, आणि वाचन चांगलं आलं तरच मेन. ट्रिगरच्या स्विचचे पॉइंट काळे पडले असतील तर बारीक पेपरने हलकेच घासा. आत तेल मारू नका, तेलात धूळ बसते आणि ठिणगीने कोळसा होतो.

टिप मिळत नाही हा दावा ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण ज्या गावात गल्लोगल्ली मोटरी भरल्या जातात तिथे तांब्याच्या तारेला तोटा नाही. 14 किंवा 12 गेजची तांब्याची तार घ्या. वाइंडिंगची असेल तर तिच्यावरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा पातळ थर, पूर्ण खरवडा, नाहीतर नटाखाली पुन्हा तोच घोटाळा होईल. वीतभर तार मधोमध वाकवून जुन्या टिपेच्या मापाची करा आणि टोक ऐरणीवर हलक्या हाताने थोडं चपटं करा. फार जाड तार घेतली तर टिप तापणारच नाही. पहिल्यांदा तापवताना सोल्डरची तार टोकाला टेकवूनच ठेवा, म्हणजे तांबं काळं पडायच्या आत कथील धरतं. कल्हईवाला पातेलं तापवून नवसागर आणि कथील फिरवायचा ना, तेच काम, फक्त इथे नवसागराऐवजी राळ. टिप कालांतराने बारीक होऊन तुटतेच, कारण वितळलेलं कथील तांबं थोडं थोडं खातं. तो गनचा दोष नाही, दिव्याची वात जळावी तसंच ते.

25 वॅटचं आयर्न घ्या हा सल्ला मोबाइलच्या आणि बारीक बोर्डाच्या कामाला बरोबर आहे. तिथे मीही गन वापरत नाही. तिच्या टिपेभोवती मोठं चुंबकीय क्षेत्र असतं आणि उष्णताही आवरत नाही. पण मोटरच्या जाड लीडा, बॅटरीचे लग, ॲम्प्लिफायरच्या चासीला दिलेला अर्थ, इथे 25 वॅटचं आयर्न लावलं की धातू सगळी उष्णता ओढून घेतो आणि ड्राय सोल्डर होतं. वरून धरल्यासारखं, आतून सुटं. गणपतीत ऐन मिरवणुकीत आवाज जातो तो अशाच एखाद्या जोडाने. गन मात्र काही सेकंदांत तापते, काम झालं की ट्रिगर सोडायचा. दाबून धरून बसायचं नाही, ती सतत चालण्यासाठी बनवलेलीच नाही.

ट्रान्सफॉर्मर कधीच जळत नाही असं मी म्हणणार नाही. परदेशातून आणलेली 120 व्होल्टची गन आपल्या 230 व्होल्टवर लावली की ती क्षणात जाते. स्टेप-डाउनवर लावली तरी ती 60 हर्ट्झसाठी बनलेली असते आणि आपल्याकडे 50 हर्ट्झ आहे, त्यामुळे गाभा जास्त तापतो. अशी गन थोडा थोडा वेळच चालवावी. खरोखर जळालेल्या गनच्या खुणा अशा: कॉर्ड आणि स्विच चांगले असूनही पिनेवर मीटर हलत नाही, किंवा ट्रिगर दाबताच जोराचा घरघराट होऊन बॉडी तापते आणि वार्निश जळाल्याचा वास येतो. यंदा माझ्याकडे चार गन आल्या, त्यांतली एकच अशी निघाली. तिचा स्विच, दिवा आणि पितळी नट काढून डबीत ठेवलेत. पुढच्या गनला लागतील.