वॉर्ड कोण लावणार?

परवा शनिवारी रात्री आमच्या डोटाच्या ग्रुपवर (डोटा म्हणजे पाच विरुद्ध पाच असा ऑनलाइन लढाईचा खेळ) एकही मॅच झाली नाही. नेहमीसारखे अकराला सगळे डिस्कॉर्डवर, म्हणजे खेळताना बोलायच्या ॲपवर, आलो आणि ग्रुपमधलं सगळ्यात धाकटं पोर, परभणीचं, बीसीए दुसऱ्या वर्षाला असलेलं, म्हणालं, "दादा, तुम्ही सगळे आयटीत ना? मग एक खरं सांगा. यायचं का?"

आम्ही सात जण. एकमेकांना कॉलेजपासून ओळखणारे तिघं, बाकीचे खेळता खेळता चिकटलेले. कोण कुणाचा कोण, कुठल्या कंपनीत, पगार किती, हे कित्येक वर्षं कुणी कुणाला विचारलं नव्हतं. अमका कॅरी खेळतो, म्हणजे शेवटी मॅच जिंकून देणारा, तमका मिड, म्हणजे मधली वाट सांभाळणारा, एवढी ओळख पुरायची. त्यामुळे त्या रात्री जे निघालं ते आम्हालाही नवीनच होतं.

(पुढे जाण्याआधी: ऑनलाइन गेमिंग म्हटलं की हल्ली नातेवाईक रमीचंच नाव काढतात. पैसे लावून खेळायच्या त्या ॲपांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला. तो प्रकार वेगळा. आमच्या खेळात पैसे जातात ते हीरोच्या टोप्या-कपड्यांवर, आणि ते बायकोला सांगायचे नसतात.)

पहिला बोलला आमचा सपोर्ट. डोटा न खेळणाऱ्यांसाठी सांगतो, पाच जणांच्या टीममध्ये सपोर्टनं नकाशावर वॉर्ड लावायचे, म्हणजे अंधारात शत्रू कुठून येतोय ते सगळ्यांना दिसतं. जुन्या काळी वॉर्ड आणि सामान पोचवणारं कुरिअर त्याच्याच खिशातून यायचे. मॅच जिंकली की टाळ्या कॅरीला, हरली की "वॉर्ड कुठायत?" हा माणूस अकरा वर्षं प्रॉडक्शन सपोर्टमध्ये, म्हणजे चालू सिस्टिम बंद पडू न देण्याच्या कामात, आहे. बँकेच्या रात्रीच्या बॅचा, म्हणजे रात्री एकगठ्ठा चालणारे हिशोब, बघतो. म्हणाला, "सकाळी लोक उठायच्या आत बिघडलेलं नीट करायचं. नीट झालं की काही बिघडलं होतं हेच कुणाला कळत नाही. ३१ मार्चला मी लग्नानंतर एकदाही घरी झोपलेलो नाही."

आता वाटेल, खेळात जो तसा तो नोकरीतही तसाच. तसं काही नाही. आमचा कॅरी, ज्याला शत्रूचा प्रत्येक किल स्वतःलाच पाहिजे, तो चाकणच्या एका कारखान्यात आयटी सांभाळतो. मुख्य काम काय, तर लेबल प्रिंटर. खोक्यावर बारकोडचं लेबल लागल्याशिवाय माल गेटबाहेर पडत नाही. रिबन संपली किंवा प्रिंटरचं डोकं तापलं की बाहेर ट्रक उभा, आत मॅनेजर उभा, आणि हा गुडघ्यावर बसून कापसाच्या बोळ्यानं, स्पिरिट लावून ते डोकं पुसतोय. इंजिनिअरिंगला फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन होता. तक्रारीच्या सुरात नाही सांगितलं त्यानं. उलट, ट्रक हलला की बरं वाटतं म्हणाला.

ग्रुपमधली एकच मुलगी टेस्टिंगमध्ये आहे. पहिली दोन वर्षं ती माइक बंद ठेवून फक्त टाइप करून खेळली. का, हे मुलांनी आपापल्या मनाला विचारावं. आम्हाला वाटायचं हिचा माइक खराब आहे. तिनं पोराला सांगितलं, नुसतं हातानं टेस्टिंग करत बसशील तर हळूहळू तुझी खुर्ची जाईल, माझी जाता जाता राहिली, ऑटोमेशन, म्हणजे प्रोग्रॅमकडून टेस्टिंग करून घेणं, शिकले म्हणून.

आणि मग ज्याच्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं तो स्वतःच बोलला. चौदा वर्षांचा अनुभव, वय एक्केचाळीस, गेल्या वर्षी एका सकाळी पंधरा मिनिटांच्या कॉलवर नोकरी गेली. घरी त्यानं तीन आठवडे सांगितलं नव्हतं. रोज लॅपटॉपची बॅग घेऊन निघायचा आणि एका मॉलच्या फूड कोर्टात बसायचा. पण आम्हाला कळलं होतं. कारण मंगळवारी सकाळी अकरा वाजता त्याच्या नावापुढं ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका दिसायला लागला. आधी वाटलं सुट्टी असेल. बुधवारीही हिरवा. गुरुवारी सपोर्टवाल्यानं एकच ओळ टाकली, "भावा, सीव्ही पाठव." पुढची नोकरी लागायला सात महिने गेले, आणि आधीपेक्षा कमी पगारात. हे लिंक्डइनवर कुणी लिहीत नाही. तिथं प्रत्येक जण "नव्या प्रवासासाठी उत्सुक" असतो.

माझी पाळी आली तेव्हा मी विश्रामबागेतला सायबर कॅफे सांगितला. सांगली, २००६. तासाला वीस रुपये, लोडशेडिंग ठरलेलं, वॉरक्राफ्ट थ्री या गेमवर चालणारा जुना डोटा. एक मशीन कायम वाळीत पडलेलं असायचं. त्याच्यावर बसलं की लॅनवर, म्हणजे कॅफेतल्या मशीनच्या आपापसातल्या जाळ्यावर, चालू असलेली गेमच दिसायची नाही. सगळे म्हणायचे मशीन खराब. मी एकदा वैतागून शेजारच्या दोन मशीनचे आयपी, म्हणजे जाळ्यातले पत्ते, वहीत लिहून घेतले. बाकी सगळी १९२.१६८.१ वर, आणि हे एकटं १९२.१६८.० वर. एका आकड्याचा फरक. लॅनवरची गेम सगळ्यांना हाक मारून सांगते की मी इथं आहे, आणि ती हाक आपल्या सबनेटच्या, म्हणजे एका गटातल्या पत्त्यांच्या, बाहेर जात नाही, हे मला पुस्तकात नंतर भेटलं. तेव्हा फक्त शून्याचा एक केला आणि गेम दिसली. कॅफेवाल्या मामांनी त्या दिवशी दोन तास फुकट दिले आणि दुसऱ्या दिवशी क्रिम्पिंगचा, म्हणजे नेटवर्कच्या वायरीला प्लग बसवायचा, पाना हातात ठेवला. आतल्या तारांचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. परवचा विसरलो, हे नाही विसरलो.

म्हणून मला "गेमिंगमुळे टीमवर्क आणि लीडरशिप येते" असं सांगणाऱ्या करिअरवाल्यांचा राग येतो. आमच्यातला कुणीही खेळून आयटीत आलेला नाही. खेळ चालावा म्हणून जी उस्तवार केली तिनं आणलं. सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळायचो तेव्हा पिंग, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, चाळीसच्या खाली का येत नाही म्हणून नेटवाल्याशी भांडायचो. मग एकदा हिशोब मांडला. जाऊन-येऊन आठ हजार किलोमीटर, काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे चाळीस मिलिसेकंद नुसत्या प्रवासाचे. वाटेतले राउटर वेगळेच. भांडण प्रकाशाशी होतं.

या उस्तवारीचं मला आवडणारं उदाहरण जीटीए ऑनलाइन या गेमचं. खेळ २०१३ चा, आणि काही मशीनवर सुरू व्हायला सहा-सहा मिनिटं. लाखो लोकांनी शिव्या घातल्या आणि चहा करून आले. २०२१ मध्ये एका खेळाडूनं, मूळ कोड हातात नसताना, हा प्रोग्रॅम वेळ नेमका कुठं घालवतोय ते मोजलं. दुकानातल्या वस्तूंची १० एमबीची यादी, सुमारे ६३ हजार नोंदी. प्रत्येक नोंद वाचताना प्रोग्रॅम उरलेला सगळा मजकूर किती लांब आहे ते नव्यानं मोजत होता. वाण्यानं एकेक जिन्नस वाचताना दर वेळी चिठ्ठीची उरलेली लांबी टेपानं मोजावी तसं. वर प्रत्येक वस्तू आधी येऊन गेली का, म्हणून आधीची अख्खी यादी चाळत होता. त्यानं स्वतःपुरती दुरुस्ती केली, वेळ सुमारे ७० टक्के उतरला, आणि सगळं लिहून जाहीर केलं. गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीनं ते मान्य करून त्याला १० हजार डॉलर दिले. खेळत सगळेच होते, मोजलं एकानं.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर हा लेख वाचून पोरं आईला दाखवतील. कॅफेत आम्ही दहा-बारा जण होतो. दोघांची वर्षं गेली, एकाचं इंजिनिअरिंगच सुटलं, तो आता मिरजेत हार्डवेअरचं दुकान चालवतो, स्क्रूचं, संगणकाचं नव्हे. आज जे मायक्रोफोनवर शहाणपण सांगतायत ते टिकलेले. वाया गेलेली रात्र आणि शिकवून गेलेली रात्र त्या वेळी सारखीच दिसते.

पगाराचंही निघालंच. मी २००९ ला ३ लाख १० हजारांवर लागलो. पोराच्या कॉलेजातल्या सीनियरला यंदा साडेतीन लाखांचं पत्र आलंय. सोळा वर्षांत चाळीस हजार. यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

दीड वाजत आला होता. सल्ले देऊन झाले होते आणि कुणाचंच कुणाशी जमलं नव्हतं. ये म्हणणारे तीन, नको म्हणणारे दोन, चाकणवाला झोपलेला. पोरगं म्हणालं, "दादा, ते बघू नंतर. चार दिवस झाले, माझा पिंग मुंबईच्या सर्व्हरला एकशेवीस लागतोय."

सगळे एकदम जागे. वायफाय की वायर, राउटर रीस्टार्ट केला का, ट्रेसर्ट (संदेश कुठून कुठून जातो त्याची यादी) काढ आधी, असे सगळे एकावर एक बोलायला लागलो.

"काढलाय ना," तो म्हणाला, आणि चॅटवर वहीच्या पानाचा फोटो टाकला. चार दिवसांचे ट्रेसर्ट, सकाळ-दुपार-रात्र, पेनानं आखलेल्या रकान्यांत. सहाव्या हॉपला, म्हणजे वाटेतल्या सहाव्या टप्प्याला, लाल गोल केला होता. "इथून चेन्नईला जातंय, तिथून सिंगापूर, मग परत मुंबई. फक्त रात्री नऊनंतर. नेटवाल्याला दाखवलं, तो म्हणतो मशीन खराब आहे."